विंडोज १० चा सपोर्ट संपला: ऑफिसातलं जुनं वर्कस्टेशन भंगारात द्यायचं की त्यावर लिनक्स टाकायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत सपोर्ट थांबवला. त्या दिवशी कुणाचाही कॉम्प्युटर बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखाच सुरू झाला, बिलं निघाली, प्रिंटर चालला. त्यामुळे अनेकांना वाटलं की काही झालंच नाही.

पण झालं होतं. त्या दिवसानंतर विंडोज १० मध्ये जी नवी भगदाडं सापडतील, ती बुजवणारे अपडेट आपोआप येणं थांबलं. घराला कुलूप आहे, पण ते बिघडलं तर दुरुस्त करणारा आता येणार नाही, अशी ही अवस्था.

ठाण्याहून कशेळीचा खाडीपूल ओलांडून भिवंडीकडे निघालं की काल्हेर लागतं. हा सगळा पट्टा गोदामांचा आणि ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांचा. प्रत्येक गोदामात एक छोटी केबिन आणि केबिनमध्ये एखादा डेस्कटॉप असतोच. ई-वे बिल त्यावर निघतं, स्टॉकचा हिशोब त्यावर असतो, जीएसटी त्यावरून भरला जातो. पुढे भिवंडीत यंत्रमाग आणि कापडाचा धंदा. तिथे डिझाइन बनवणाऱ्यांकडे जरा दणकट मशीन असतात, म्हणजे वर्कस्टेशन. ही मशीन धडधाकट आहेत, पण विंडोज ११ त्यातल्या अनेकांना स्वीकारत नाही.

मग करायचं काय? नवीन मशीन घ्यायचं, जुनंच तसंच चालवायचं, की थोडा खर्च करून त्यावर लिनक्स टाकायचं? हे गणित एकेक करून समजून घेऊ.

विंडोज ११ जुन्या मशीनवर का चालत नाही?

विंडोज ११ आलं ५ ऑक्टोबर २०२१ ला. त्याच्या अटी वाचल्या तर रॅम फक्त ४ जीबी आणि जागा ६४ जीबी लागते. इतकं तर जुन्या मशीनमध्येही असतं. अडचण दुसरीकडे आहे.

पहिली अट टीपीएम २.० ची. हा मदरबोर्डवरचा किंवा प्रोसेसरमधला सुरक्षेचा भाग, जो पासवर्डच्या किल्ल्या जपून ठेवतो. दुसरी अट प्रोसेसरची. इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसरच मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहेत. आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. म्हणजे २०१५ किंवा २०१६ मध्ये लाखभर रुपये मोजून घेतलेलं मशीन कितीही वेगवान असलं तरी यादीच्या बाहेर.

हा प्रश्न किती मोठा आहे? कॅनलिस या संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज दिला होता की विंडोज १० चा सपोर्ट संपल्यामुळे जगभरात सुमारे २४ कोटी कॉम्प्युटर भंगारात जाऊ शकतात.

मायक्रोसॉफ्टने एक पळवाट ठेवली आहे. घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट घेता येतात, त्यासाठी नोंदणी करावी लागते. कंपन्यांसाठी ही सोय तीन वर्षांपर्यंत आहे, पण पहिल्या वर्षी एका मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. म्हणजे ही मुदतवाढ आहे, कायमचा उपाय नाही.

वर्कस्टेशन आणि साधा डेस्कटॉप यात फरक काय?

दिसायला दोन्ही पेटीसारखेच. पण वर्कस्टेशन बनवलं जातं ते तासन् तास जड काम करण्यासाठी. कापडाचं डिझाइन, इमारतीचा नकाशा, व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी रेंडर अशी कामं त्यावर होतात. एचपीची झेड मालिका, डेलची प्रिसिजन आणि लेनोव्होची थिंकस्टेशन ही यातली ओळखीची नावं.

मोठ्या कंपन्या ही मशीन काही वर्षांनी बदलतात आणि जुनी मशीन सेकंडहँड बाजारात येतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, अशी मशीन आणि त्यांचे सुटे भाग मिळतात.

उदाहरण म्हणून एचपीचं झेड ४४० घ्या. त्यात सहा कोअरचा झिऑन ई५-१६५० व्ही३ प्रोसेसर बसतो. रॅमसाठी आठ खाचा आहेत आणि पॉवर सप्लाय ७०० वॅटचा. हा प्रोसेसर २०१४ चा. बिलिंग, ब्राउझर, एक्सेलसारखी शीट, अगदी मध्यम दर्जाचं व्हिडिओ एडिटिंग यासाठी आजही तो पुरतो.

मग असं मशीन रखडतं का? बहुतेक वेळा दोष प्रोसेसरचा नसतो. दोष असतो जुन्या हार्ड डिस्कचा, कमी रॅमचा आणि आत साचलेल्या धुळीचा. या तिन्ही गोष्टी बदलता येतात.

पण आधी कामाची यादी करा

इथेच बहुतेकांची गल्लत होते. आधी रॅम घेतली जाते, मग एसएसडी, मग लिनक्स टाकलं जातं आणि शेवटी कळतं की रोजचं सॉफ्टवेअर त्यावर चालतच नाही. क्रम उलटा हवा. एक कागद घ्या आणि या मशीनवर आठवडाभरात काय काय केलं जातं ते लिहा. मग त्याचे तीन भाग करा.

पहिला भाग, लिनक्सवर सहज चालणारी कामं. जे जे ब्राउझरमध्ये होतं ते जवळपास सगळं यात येतं. जीएसटीची वेबसाइट, ई-वे बिल, ईमेल, व्हॉट्सअॅप वेब, ऑनलाइन बँकिंग. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही लिनक्सवर आहेत. गोदामात वापरला जाणारा यूएसबी बारकोड स्कॅनर बहुतेक वेळा कॉम्प्युटरला कीबोर्डसारखाच दिसतो, त्यामुळे तो लावला की चालतो. व्हिडिओसाठी दा विंची रिझॉल्व्ह, थ्रीडीसाठी ब्लेंडर, चित्रांसाठी गिंप आणि क्रिटा, व्हेक्टर डिझाइनसाठी इंकस्केप ही सगळी सॉफ्टवेअर लिनक्सवर आहेत.

दुसरा भाग, थोडी तडजोड लागणारी कामं. एक्सेल आणि वर्डच्या फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. साधी शीट व्यवस्थित दिसते. पण शीटमध्ये मॅक्रो असतील, म्हणजे बटण दाबलं की आपोआप हिशोब होणारी व्यवस्था असेल, तर ती मोडू शकते. डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर दोन गोष्टी तपासा. टोकनचा लिनक्स ड्रायव्हर आहे का, आणि ज्या पोर्टलवर सही करायची त्याचं सही करण्याचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं का. एक असून दुसरं नसेल तर काम अडतं.

तिसरा भाग, विंडोजशिवाय नीट न होणारी कामं. टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे. कोरलड्रॉ, फोटोशॉप आणि ऑटोकॅड यांच्या लिनक्ससाठीच्या आवृत्त्या आज मिळत नाहीत. वाइन नावाच्या सोयीने काही विंडोज सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवता येतात, पण ज्यावर धंद्याचा हिशोब आहे ते अशा जुगाडावर ठेवणं धोक्याचं.

तिसऱ्या भागात काहीच नसेल तर लिनक्सकडे बिनधास्त जा. एकच गोष्ट असेल तर मध्यम मार्ग आहे. ऑफिसात चार मशीन असतील तर एक मशीन विंडोज ११ चं ठेवायचं, टॅली त्यावर, आणि बाकी तिघांवर लिनक्स. पण रोजचं नव्वद टक्के काम कोरलड्रॉमध्ये होत असेल, तर लिनक्सचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

पैसे आधी कुठे घालायचे?

क्रम असा: एसएसडी, रॅम, साफसफाई आणि शेवटी ग्राफिक्स कार्ड.

एसएसडी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते. मिनिटाला ७,२०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती माहिती सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद जातात. सुई योग्य जागी सरकायला आणखी काही मिलिसेकंद. त्यामुळे इकडेतिकडे विखुरलेल्या छोट्या फाइल वाचताना अशी डिस्क सेकंदाला जेमतेम शंभरच्या आसपास कामं उरकते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, ती हीच कामं सेकंदाला हजारोंनी करते. मशीन सुरू व्हायला पाच मिनिटं लागत असतील तर पहिला संशय डिस्कवरच घ्यावा.

साधी साटा एसएसडी जवळपास प्रत्येक जुन्या मशीनमध्ये बसते. एनव्हीएमई एसएसडी आणखी वेगवान, पण जुन्या बोर्डावर तिच्यासाठी जागा नसते. स्वस्तातलं अडॅप्टर कार्ड लावून ती बसवता येते. मात्र एचपी झेड ४२० सारख्या जुन्या मशीनचं बायोस एनव्हीएमईवरून सुरूच होत नाही. अशा वेळी सिस्टम साटा एसएसडीवर आणि जड फाइल एनव्हीएमईवर ठेवतात. ऑफिसच्या कामाला साटा एसएसडी पुरेशी आहे.

रॅम. इथे घाई केली तर पैसे वाया जातात. डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत. वर्कस्टेशनमध्ये आणखी एक भानगड असते. झेड ४२० ला ईसीसी अनबफर्ड रॅम लागते, तर झेड ४४० ला ईसीसी रजिस्टर्ड. ईसीसी म्हणजे रॅममधली किरकोळ चूक स्वतः ओळखून दुरुस्त करणारी रॅम. रजिस्टर्ड आणि अनबफर्ड दिसायला सारख्याच, पण एकीच्या जागी दुसरी लावली तर मशीन सुरूच होत नाही. म्हणून दुकानात जाताना जुन्या पट्टीचा फोटो न्या. तिच्यावरच्या स्टिकरवर सगळं लिहिलेलं असतं.

किती रॅम हवी? ब्राउझर आणि बिलिंगसाठी ८ जीबी चालते, १६ जीबी असली की निवांत. व्हिडिओ किंवा थ्रीडीसाठी ३२ किंवा त्याहून जास्त. अशा मशीनमध्ये रॅमचे चार मार्ग असतात, त्यामुळे एका मोठ्या पट्टीपेक्षा सारख्या चार पट्ट्या लावल्या तर वेग जास्त मिळतो.

२०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने जगभर रॅमचे भाव चढले. त्यामुळे जुनी रॅम कवडीमोल समजून विकू नका. सेकंडहँड रॅम घेतली तर मेमटेस्ट८६ प्लस या मोफत सॉफ्टवेअरने रात्रभर तपासा. एकही चूक दिसली तर पट्टी परत करा.

पॉवर सप्लाय आणि ग्राफिक्स कार्ड. ग्राफिक्स कार्डला मदरबोर्डच्या खाचेतून ७५ वॅट मिळतात. त्यापुढे सहा पिनची वायर आणखी ७५ आणि आठ पिनची १५० वॅट देते. कार्ड घेण्याआधी आपल्या पॉवर सप्लायला अशा किती वायर आहेत ते मोजा. वायर नसेल तर खाचेवरच चालणारं छोटं कार्ड घ्या. एचपी आणि डेलच्या अनेक वर्कस्टेशनमध्ये पॉवर सप्लायचा आकार आणि जोडणी कंपनीची स्वतःची असते. बाजारातला साधा पॉवर सप्लाय त्यात बसेलच असं नाही.

लिनक्ससाठी कार्ड निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवा. एएमडीच्या कार्डांचे ड्रायव्हर लिनक्समध्येच असतात, वेगळं काही टाकावं लागत नाही. एनव्हिडियाचा ड्रायव्हर वेगळा घ्यावा लागतो आणि कंपनी जुन्या कार्डांना टप्प्याटप्प्याने वगळत जाते. ऑफिसच्या कामाला नवं कार्ड लागतच नाही, आहे तेच चालू द्या.

धूळ, उकाडा आणि विजेचा प्रश्न

या भागात हार्डवेअरचा सर्वात मोठा शत्रू वय नाही, धूळ आहे. गोदामाचं शटर दिवसभर उघडं, बाहेर ट्रकची वर्दळ. यंत्रमागाजवळ असाल तर हवेत कापसाची तूस. ही तूस प्रोसेसरच्या पंख्याखालच्या जाळीत नमद्यासारखी बसते. मग हवा जात नाही, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मालकाला वाटतं मशीन म्हातारं झालं.

उपाय सोपा आहे. मशीन बंद करून, वायर काढून, ब्लोअरने धूळ उडवा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट वेगाने फिरून त्याचं बेअरिंग खराब होतं. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट वर्षानुवर्षांत वाळते, ती पुसून नवी लावा. घड्याळाची वेळ रोज चुकत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. आणि पेटी जमिनीवर ठेवू नका. एक स्टूल पुरतं. खाडीजवळच्या भागात पावसाळ्यात ओल चढते, तेव्हा तर हे पाळाच.

वीज जाण्या-येण्याचा प्रश्न असेल तर यूपीएस हवाच, पण त्यावरचा आकडा नीट वाचा. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. असे अनेक यूपीएस ३६० वॅटच्या आसपासच भार उचलतात. शिवाय स्वस्त यूपीएसची वीज साइन वेव्हसारखी गुळगुळीत नसते. वर्कस्टेशनचा पॉवर सप्लाय अशा विजेवर काही वेळा बिथरतो आणि लाइट गेल्याक्षणी मशीन बंद होतं. त्यासाठी साइन वेव्ह यूपीएस बरा. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंगमध्ये गडबड आहे.

आता लिनक्स म्हणजे नेमकं काय?

१९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने स्वतःच्या कॉम्प्युटरसाठी एक कर्नल लिहायला घेतलं. कर्नल म्हणजे हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्यातला मुकादम. कुणाला किती रॅम द्यायची, डिस्कवर कधी लिहायचं, हे तो ठरवतो. त्याने ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचंच कर्नल आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटरांच्या यादीतलं प्रत्येक मशीन लिनक्सवर चालतं. पुण्यातल्या सी-डॅकचं परम सिद्धी-एआय नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच यादीत ६३ व्या क्रमांकावर होतं.

आपल्याकडे सरकारी वापरासाठी सी-डॅकनेच बॉस नावाचं लिनक्स बनवलं. केरळच्या सरकारी शाळांमध्ये तर अनेक वर्षांपासून मुलं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात. म्हणजे ही गोष्ट फक्त काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं टाइप करणाऱ्यांची राहिलेली नाही.

कर्नलभोवती डेस्कटॉप, ब्राउझर, सेटिंग असं सगळं बांधून जे तयार पॅकेज मिळतं त्याला डिस्ट्रो म्हणतात. डिस्ट्रो शेकडो आहेत. विंडोजवरून येणाऱ्यांनी फार विचार न करता लिनक्स मिंट घ्यावं. खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, सगळं ओळखीचं. मिंटची २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर बेतलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तिला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असलेली बरी. मशीन फारच अशक्त असेल तर मिंटचीच एक्सएफसीई आवृत्ती आणखी हलकी आहे.

लिनक्सला व्हायरस लागतच नाही, असं अनेकदा ऐकायला मिळतं. ते खरं नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या एका छोट्या पण सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घुसवल्याचं उघड झालं. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा उशीर का होतोय हे शोधताना तो सापडला. सुरक्षा अपडेटमुळे मिळते, नावामुळे नाही. लिनक्सवरही अपडेट वेळच्या वेळी करावे लागतात. फरक इतकाच की जुन्या मशीनलाही ते मिळत राहतात, आणि फुकट.

टाकायचं कसं?

१. आधी बॅकअप. हिशोबाच्या फाइल, पावत्या, फोटो, ब्राउझरमधले पासवर्ड, सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या. दुसरी प्रत आणखी कुठेतरी, शक्यतो दुसऱ्या इमारतीत ठेवा. कॉपी झाल्यावर चार फाइल उघडून पाहा.

२. पेन ड्राइव्ह बनवा. मिंटच्या अधिकृत वेबसाइटवरून आयएसओ फाइल उतरवा. रुफस किंवा बलेनाएचर या मोफत सॉफ्टवेअरने ती ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवा. पेन ड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा.

३. न टाकता चालवून पाहा. मशीन पेन ड्राइव्हवरून सुरू करा. लिनक्स थेट त्यावरून चालतं, तुमच्या डिस्कला हातही लागत नाही. तासभर वापरा. वायफाय, आवाज, दुसरी स्क्रीन, स्कॅनर आणि प्रिंटर, सगळं तपासा. प्रिंटरवर विशेष लक्ष द्या. एचपीच्या बहुतेक प्रिंटरना लिनक्समध्ये चांगला आधार आहे. पण ऑफिसाऑफिसात दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० चालवायला बराच खटाटोप लागतो. लेबल प्रिंटर असेल तर त्याचा लिनक्स ड्रायव्हर कंपनीच्या वेबसाइटवर आहे का ते पाहा.

४. जुनी डिस्क काढून ठेवा. हा सर्वात कामाचा सल्ला. लिनक्स नव्या एसएसडीवर टाका आणि तोवर जुनी डिस्क मशीनमधून काढून, नाव लिहून कपाटात ठेवा. काही जमलं नाही तर जुनी डिस्क परत लावायची, दहा मिनिटांत आधीचं विंडोज जसंच्या तसं हजर. किमान दोन-तीन महिने, शक्यतो एखादं जीएसटी रिटर्न नव्या व्यवस्थेवरून भरून होईपर्यंत, ती पुसू नका.

५. आठवडा निवडा. महिनाअखेर, रिटर्नची तारीख, दिवाळीची गर्दी असे दिवस टाळा. एका वेळी एकच मशीन बदला.

मराठी टाइपिंगचं काय?

युनिकोड मराठी लिनक्सवर उत्तम चालते. सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड जोडला की इनस्क्रिप्ट मिळतो. रोमन अक्षरं दाबून देवनागरी उमटवणारी फोनेटिक पद्धतही आयबसमधून घेता येते. मराठी स्पेलचेक लिब्रेऑफिसमध्ये जोडता येतो.

अडचण जुन्या फाइलची आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली कागदपत्रं लिनक्सवर उघडली तर गिचमिड दिसते. अशा फाइल विंडोज हाताशी असतानाच युनिकोडमध्ये बदलून किंवा पीडीएफ करून ठेवा.

शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे व्हिडिओ मोफत आहेत. लिनक्स आणि लिब्रेऑफिसवरचे अनेक धडे त्यात मराठीतही आहेत.

मग नवीन मशीन कधी घ्यावं?

जुनं ते सोनं प्रत्येक वेळी खरं नसतं. विजेचा हिशोब करून पाहा. समजा वर्कस्टेशन सरासरी १०० वॅट खातं. रोज १० तास, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ३०० युनिट. तेच काम करणारा छोटा नवा पीसी २० वॅटवर चालत असेल तर वर्षाला ६० युनिट. फरक २४० युनिटचा. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला २,४०० रुपये. फक्त बिलं काढायची असतील तर पाच वर्षांत १२,००० रुपये विजेतच जातात. जड काम असेल तर मात्र त्या ताकदीचं नवं मशीन खूप महाग पडतं, तिथे जुनं वर्कस्टेशन फायद्यात राहतं.

नवीन घेण्याची आणखी तीन कारणं आहेत. मदरबोर्ड बिघडला असेल तर त्यावर पैसे घालू नका. रोजचं मुख्य सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल तर विंडोज ११ चालेल असंच मशीन घ्या. आणि सुटे भाग मिळून खर्च चांगल्या सेकंडहँड आठव्या पिढीच्या मशीनइतका होत असेल तर तेच घ्या.

जुनं मशीन टाकायचंच ठरलं तर आधी डिस्क पूर्ण पुसा. फाइल डिलीट केल्या की त्या जात नाहीत, साध्या सॉफ्टवेअरनेही परत मिळतात. ग्राहकांची नावं, बँकेचे तपशील, आधारच्या प्रती त्यात असू शकतात. मग मशीन नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरकडे द्या. १ एप्रिल २०२३ पासून देशात ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू आहेत. उघड्यावर वायरी जाळून तांबं काढणाऱ्याकडे गेलेल्या मशीनचा धूर शेवटी आपल्याच वस्तीत येतो.

थोडक्यात

वाईट पर्याय एकच आहे, काहीच न करणं. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात आणि जीएसटी भरला जातो, ते अपडेटशिवाय इंटरनेटला जोडून ठेवणं म्हणजे रात्री गोदामाचं शटर अर्धं उघडं टाकून घरी जाणं. एका फाइल लॉक करणाऱ्या व्हायरसने वर्षभराचा हिशोब अडकू शकतो.

म्हणून आज एवढंच करा. मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन विंडोजची आवृत्ती आणि प्रोसेसरचं नाव पाहा. कामाची यादी लिहा. बॅकअप घ्या. मग एक पेन ड्राइव्ह बनवून रविवारी तासभर लिनक्स चालवून बघा. एसएसडी घ्यायची, रॅम वाढवायची की नवीन मशीन आणायचं, हे त्या तासाभरानंतर ठरवा. तोपर्यंत खर्च फक्त एका पेन ड्राइव्हचा.